काकूंचं माहेर आणि थोरली टाकी

घर भाड्यानं देताना मालक लोक पगार विचारतात, माणसं किती ते विचारतात, आणि बोलता बोलता जातही काढून घेतात. रोह्याच्या आमच्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. पायरीवर उभं राहून त्यांनी आम्हा नवरा-बायकोला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "दिवसाला पाणी किती सोडता?"

माझ्या नवऱ्याला वाटलं, पाणी किती लागतं असं विचारतायत. तो म्हणाला, "दोघंच आहोत, जास्त नाही लागत."

"लागतं किती ते नाय विचारलं. ते नगरपालिका बघेल. सोडता किती?"

आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. एकमेकांच्या आवडीनिवडी, आजार, सासू-सासऱ्यांचे स्वभाव हे सगळं आमचं बोलून झालं होतं, पण आपण दोघं मिळून रोज किती पाणी मोरीतून घालवतो हे काही आम्ही बोललो नव्हतो. तेवढ्यात आतून एका बाईचा आवाज आला, "अहो, आधी बसू तरी द्या त्यांना." त्या मालकीणबाई, आमच्या काकू. आवाज आला, पण त्या स्वतः बाहेर आल्या नाहीत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

माझा नवरा धाटावला एका कंपनीत शिफ्टमध्ये होता. घरमालक काकाही धाटावमधूनच निवृत्त झालेले, पण दुसऱ्या कंपनीतून. त्यांची सगळी नोकरी सांडपाण्याच्या प्लॅंटवर गेली. कंपनीत काय बनायचं असं कुणी विचारलं की म्हणायचे, "ते पुढच्या दाराचं काम. मी मागच्या दाराचा माणूस." हे ते इतक्या ऐटीत सांगायचे की ऐकणाऱ्याला पुढच्या दाराच्या लोकांची कीव यावी.

रोज सकाळी चहा झाला की ते घरामागच्या बोळात जायचे, चेंबरचं झाकण उचलायचे आणि आत बघत उभे राहायचे. लोक देवळात उभे राहतात त्याहून जरा जास्तच वेळ. आम्ही राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "काल सुक्या सोड्यांचं कालवण केलंत. आणि तांदूळ बदललात." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "काका, भाडं तुम्हाला देतो, मोरी आमची आहे. तिच्यात नाक खुपसू नका." ते अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, "नाक कुठं खुपसतो? लांबून कळतं." आणि निघून गेले. तांदूळ मी खरंच बदलला होता.

त्यांना हसावं की घाबरावं हे मला बरेच दिवस ठरवता आलं नाही. मग एका गणपतीत आमच्या आळीचं गटार तुंबलं. घराघरांत पाहुणे, आणि मोऱ्यांतून पाणी उलटं वर यायला लागलेलं. नगरपालिकेची माणसं आली, ती आळीच्या तोंडाशी बांबू घालून घालून दमली. काका लुंगी खोचून आळीतून चालत गेले. प्रत्येक झाकणाशी गुडघ्यावर बसायचे, कान लावायचे, उठायचे. एका पानाच्या टपरीसमोर थांबून त्यांनी टाचेनं जमिनीवर रेघ मारली आणि म्हणाले, "इथं." टपरीवाल्यानं आधी भांडण काढलं, मग टपरी सरकवली. खाली एक अख्खी गोधडी निघाली. ती कुणाची हे सगळ्या आळीला कळलं, पण सणाचे दिवस म्हणून कुणी बोललं नाही. त्या दिवशी गढूळ पाणी गुडगुडत निघून गेलं तेव्हा काका त्याच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होते, ते बघून मी त्यांना हसणं सोडून दिलं.

काकूंची ओळख हळूहळू झाली. त्या बोलायला मोठ्या गमतीच्या. "लोकांचे नवरे बायकोला गजरा आणतात, आमच्या ह्यांनी टाकी आणली," हे वाक्य त्यांच्याकडून मी किती वेळा ऐकलं असेल. पण त्या घराबाहेर पडत नसत. बाजार नाही, देऊळ नाही, शेजारच्या घरचं हळदीकुंकू नाही. त्यांच्या आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर पोट त्यांच्या ताब्यात राहिलं नव्हतं. केव्हा उठावं लागेल याचा नेम नसे, आणि उठावं लागलं की वेळ नसे. त्यात खाली बसता येत नसे, कमोडच लागे. अशा बाईनं घरापासून लांब जायचं म्हणजे काय, हे सांगायला नको. हे सगळं त्यांनी मला एका दुपारी वालाच्या डाळिंब्या सोलता सोलता सांगितलं, आणि कुणी पावसापाण्याचं बोलावं तितक्या साध्या आवाजात पुढे म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हाही मी इथंच होते. दोन तासांचा रस्ता. नाही जमलं."

त्यांचं माहेर पेण तालुक्यात, गागोदे बुद्रुकच्या अलीकडचं एक लहान गाव. भात आणि वाल पिकवणारी माणसं. आईच्या मागे तिथं भाऊ आणि भावजय.

काकूंनी हे मला सांगितलं त्याच्या आधीपासून आमच्या अंगणात एक मिनीबस उभी होती. एका कंत्राटदारानं शिफ्टची माणसं ने-आण करण्याच्या कामातून काढून टाकलेली, खिडक्यांच्या जाळ्या गंजलेल्या. मी समजत होते की निवृत्त माणसाचा हा काहीतरी छंद असेल. काकांनी सीटा काढून टाकल्या, दोन बाक बसवले, एक ओटा, एक छोटी मोरी, आणि मागच्या कोपऱ्यात पक्क्या दाराचा संडास. चांगल्या पाण्याची टाकी टपावर, आणि बसच्या पोटाखाली वापरलेल्या पाण्याच्या दोन टाक्या. मोरीचं आणि ओट्याचं पाणी जायचं ती थोरली. संडासची ती धाकटी.

बघायला येणारा प्रत्येक जण धाकटीबद्दल विचारायचा. वास येईल का, भरली तर काय, फुटली तर काय. काका वैतागायचे. "धाकटीची काळजी नको. ती गुणी आहे. तिच्यात पडतं किती? एक तांब्या. घात करते ती थोरली. हात धुतला, कप विसळला, तोंडावर पाणी मारलं, माणसाला वाटतं काही नाही. सगळं तिच्यात जातं."

टाकी किती भरली हे कळायला त्यांनी ओट्याशेजारी एक उभी पारदर्शक नळी बसवली होती. तिच्यावर लिटरचे आकडे नव्हते. वार होते. खालपासून वर गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, काकूंच्या लाल नेलपॉलिशनं रेघा मारून. त्या चार वारांत काय होतं हे मला डाळिंब्यांच्या त्या दुपारनंतर कळलं. थोरली जितके दिवस टिकेल तितके दिवस काकू माहेरी राहणार होत्या. टाकी भरली की माहेर संपलं.

नवऱ्याच्या हाताला जड गाडीची सवय होती, म्हणून त्याला बस चालवायला आणि मला काकूंच्या सोबतीला यायचं ठरलं. ठरलं म्हणजे काकांनी तसं सांगितलं. मग महिनाभर आमची तालीम चालली. अंगणातच उभ्या असलेल्या बसमध्ये, स्वतःचं घर दहा पावलांवर असताना, आम्ही एक शनिवार-रविवार राहिलो. ताटातलं बोटानं निपटून घ्यायचं, मग कागदानं पुसायचं, तो कागद वेगळ्या पिशवीत, मग फवाऱ्याच्या बाटलीनं दोन फवारे आणि फडकं. दुधाचं पातेलं मी एका पेलाभर पाण्यात घासून दाखवलं तेव्हा काकांनी ते उजेडात धरून फिरवून पाहिलं आणि माझ्याकडून पुन्हा घासून घेतलं. अंघोळ ओल्या पंचानं. दात घासायला कप. मी चिडून म्हटलं, "काका, आम्ही घरी भाडं भरतो आणि इथं कैद्यासारखे राहतो."

"दोन दिवस," ते म्हणाले.

"आणि काकू? त्या तर मघाशी चांगला नळ सोडून हात धूत होत्या."

"तिला नियम नाय."

"का?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं, आपण काहीतरी वेडगळ विचारलं. "तिला पाणी मोजायला लावलं, तर ती घरात बसली काय नि तिथं बसली काय, सारखंच. तिनं मोजायचं नाय. आपण मोजायचं."

त्यानंतर मी पातेल्याबद्दल कुरकुर केली नाही. नवऱ्यानं कधी आपल्यासाठी असं काही केलं असतं का, असा एक विचार मात्र मनात येऊन गेला, आणि तो मी त्याला बोलूनही दाखवला. तो म्हणाला, "मी गाडी चालवतोय ना."

जानेवारीत एका गुरुवारी आम्ही निघालो. काका पुढे बसले नाहीत, नळीशेजारी बसले. काकूंनी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलेलं, पण हात घट्ट आवळून त्या डोळे मिटून बसल्या होत्या. निडी गेलं, नागोठणं आलं, तशा त्या एकदम उठल्या. नवऱ्यानं बस कडेला घेतली. त्या आत जाऊन आल्या, बाकावर बसल्या, आणि म्हणाल्या, "झालं." काका खिडकीबाहेर कुठल्याशा पाटीकडे बघत होते, जणू त्यांना यातलं काही माहीतच नाही. काकू हसल्या. मग त्यांनीही खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, आणि पेण येईपर्यंत बघतच राहिल्या. हे दुकान नवीन, तो पूल नवीन, इथं आधी आमराई होती.

गावातली गल्ली अरुंद. बस घरापर्यंत जाणार नव्हती हे काकांना आधीच ठाऊक होतं. भावाच्या शेताची जागा ठरली होती. भात केव्हाच कापून झालेला, आणि त्याच ओलीवर वाल उगवून शेंगांनी लगडलेला. उताराच्या खाली बांधाशी गावाची पिण्याची विहीर. काकूंचा भाऊ कुंपण मोकळं करून उभा होता, काटकुळा, अबोल माणूस. त्यानं बहिणीकडे बघितलं आणि नुसतं म्हणाला, "आलीस गो ताय." आणि कोयता उगाच या हातातून त्या हातात घेत राहिला. भावजय मात्र बसमध्ये चढून काकूंच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली.

बेत असा होता. रविवारी संध्याकाळी शेतातच पोपटी लावायची, सगळी भावकी जमवायची आणि मग निघायचं. पोपटी काकांनीच निवडली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, आणि तोंड पाल्यानंच बंद करून मडकं उलटं जाळात. पाण्याचा थेंब लागत नाही. खायचं केळीच्या पानावर. "एक भांडं घासायचं नाय," काका मला म्हणाले होते. सबंध रायगड जिल्ह्यात पोपटीची अशी स्तुती कुणी केली नसेल.

शुक्रवारी सकाळी नळी गुरुवारच्या रेघेच्याही खाली होती. काका खुशीत होते. आणि मग गावच्या बायका यायला लागल्या.

शेतातून, बांधावरून, धुळीनं भरलेल्या पायांनी आल्या. आजारी माहेरवाशिणीला भेटायला आल्या, तर त्या पायांनी तिच्या स्वच्छ अंथरुणाशी कशा बसतील? पहिली बाई चढली, चपला दाराशी काढल्या, आणि हक्कानं विचारलं, "मोरी कुठं गो?" मोरी दिसतच होती. आत गेली, दोन्ही पायांवर तांब्या तांब्या ओतून, घोटे चोळून, ओल्या पायांनी बाहेर आली आणि काकूंना मिठी मारली. तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे तिसरी. काकूंची एक म्हातारी आत्या तर मोरीच्या नळावर खूष झाली. "पानी काय जोरात येतंय गो ह्याला," म्हणत तिनं पाय धुतले, तोंड धुतलं, आणि खाली उभ्या सुनेला हाक मारली, "तू पन ये, धू हितंच."

काका नळीशेजारी उभे होते. नळीत पाणी चढताना दिसत होतं. शुक्रवार गेला. ते माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "तुम्ही सांगा."

"काय सांगू? पाय धुऊ नका?"

रोह्यात हा माणूस कुणाच्याही मोरीबद्दल कुणालाही काहीही ऐकवायचा. पण इथं ते जावई होते. बायकोच्या आत्याला, पाय धुऊ नका, असं कुठला जावई म्हणेल? आणि काकू त्या सगळ्यांच्या मधोमध बसून इतक्या हसत होत्या, इतक्या बोलत होत्या की त्यांच्यासमोर हा विषय काढायचा कसा? शनिवार गेला. दुपारी शेवटची बाई उतरली तेव्हा पाणी रविवारच्या रेघेला लागलं होतं.

बायका गेल्यावर काकूंनी नळीकडे बघितलं, मग काकांकडे. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "दारात एक दगड आणि बादली ठेवायची असते हो. पाय धुवायला. प्रत्येक घराला असते."

काका मटकन बाकावर बसले. पाणी जाण्याच्या सगळ्या वाटा त्यांनी विचारात घेतल्या होत्या. घर म्हटलं की माणसं येणार, आणि ती पाय धुऊन आत येणार, एवढंच राहून गेलं होतं. मग उठले, बांधावरचा एक सपाट दगड स्वतः उचलून आणून दाराशी ठेवला, शेजारी बादली ठेवली. आता त्याचा उपयोग नव्हता, पण त्यांना काहीतरी करायचं होतं.

भाऊ आला तेव्हा त्याला कळलं. तो म्हणाला, "त्याला काय होतंय दाजी? सोडा की वालात. आमच्या मोरीचं पानी अळवातच जातंय."

"तुमच्या अळवात ताजं पाणी जातं. हे कोंडलेलं. साबणाचं, खरकट्याचं, हिच्या औषधांचं."

"कोन बघतंय?"

"खाली विहीर आहे," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "सगळा गाव पितो. हिच्या माहेरच्या विहिरीत मी सोडू?"

पाना त्यांच्या हातात होता आणि टाकीचं तोंड चार हातांवर. तोटी फिरवली असती तर काकूंना अजून दोन दिवस मिळाले असते, आणि कुणाला काही कळलंही नसतं. त्यांनी पाना पिशवीत टाकला आणि पिशवीचं तोंड बांधलं. मी खूप माणसं बघितली आहेत जी तत्त्वाच्या गप्पा मारतात. आपल्या बायकोचं माहेर समोर असताना असा पाना पिशवीत टाकणारा मी दुसरा बघितलेला नाही. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

रविवारची पोपटी शुक्रवारवर आली. शनिवारी सकाळी निघायचं ठरलं. सकाळपर्यंत थोरलीत कुणी थेंब टाकायचा नाही, काकूंखेरीज. मी आणि नवरा भावाच्या घरी जाऊन हातपाय धुऊन आलो. दिवेलागणीला मडकं जाळात उलटं झालं, भांबुर्ड्याचा वास शेतभर पसरला. पानं मांडली, शेंगा ओतल्या. काकूंनी शेंगा दातांनी ओढून ओढून खाल्ल्या, बोटं चाटली, लहानपणीच्या कागाळ्या काढून भावाला छळलं. काका एका बाजूला बसून फक्त त्यांनाच बघत होते. त्यांच्या पानातल्या शेंगा तशाच होत्या.

सकाळी काकू तयार होऊन बसल्या होत्या. रडल्या नाहीत, काही नाही. भाऊ आणि भावजय निरोप द्यायला आले तेव्हा त्या काकांना म्हणाल्या, "गाडी त्या कोपऱ्यापर्यंत तरी जाईल का हो? आमच्या घराचं दार दिसेल तिथून."

"नाय जात. वळणार नाय."

"राहू दे मग."

भाऊ खाली मान घालून दगडाशी उभा होता. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत तो म्हणाला, "ताय. घरात हाय."

"काय आहे?"

"ते. बसायचं. तुला लागतं तसलं."

कुणालाच काही कळलं नाही. भावजय पुढे झाली आणि तिनं एका दमात सांगून टाकलं. "कमोड गो. आईच्या आजारपनात बसवला. आईला त्याचा उपेग नव्हता, ती उठतच नव्हती. तू येशील आईला बघायला म्हनून ह्यांनी पेणवरनं आनून बसवला. आनि ह्यांना तुला कळवायची लाज वाटली. बहिनीला असलं कसं सांगू म्हनाले. मी म्हटलं दाजींना फोन करा, तर म्हनाले दाजींना सांगायची तर त्याहून लाज. मग आईच गेली. मग तर सांगायलाच नको झालं."

तो कमोड इतकी वर्षं त्या घरात होता. कुणीतरी एक शब्द बोलायला हवा होता आणि तो शब्द बोलण्यासारखा नाही म्हणून कुणी बोललं नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला. भाऊ म्हणाला, "चुकलं गो माझं." त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मला वाटलं, आता काका भडकणार. त्यांनी बस घेतली, टाक्या बसवल्या, महिनाभर आम्हाला राबवलं, आणि या माणसानं एक फोन केला असता तर काकू आईच्या उशाशी असत्या. निदान तसा प्रयत्न तरी केला असता. काका मेव्हण्याजवळ गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू बसवलास ना? झालं तर." मग एकटेच पावलं मोजत गल्लीतून घरापर्यंत चालत गेले आणि परत आले. काकूंसमोर उभे राहून म्हणाले, "जमेल तुला."

काकू उठल्या. संडासाचं दार मागे ठेवून त्या कित्येक वर्षांत चालल्या नव्हत्या. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला भावजय, मागे मी, हातात त्यांच्या कपड्यांची पिशवी. अर्ध्या गल्लीत, कुणाच्या तरी अंगणासमोर, त्या थांबल्या. काकांच्या मनगटावर त्यांची बोटं रुतलेली मला मागून दिसली. काका म्हणाले, "मागं फिरू?"

"नको. चला."

दारात भावजयीनं त्यांना थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. ते पाणी पायरीवरून ओघळून बाजूच्या अळवात गेलं. काकू उंबरा ओलांडून आत गेल्या आणि आतून त्यांच्या रडण्याचा आवाज आला. पुढचीच खोली आईची होती.

थोरली भरलेली, ती तशी ठेवून चालणार नव्हतं. आम्ही तिघं बस घेऊन रोह्याला निघालो. काकू तिथंच राहिल्या. परतीच्या वाटेवर काका पुढे बसले होते, पण सबंध रस्ताभर मागच्या रिकाम्या बाकाकडे वळून वळून बघत होते. मी नवऱ्याला खुणेनं विचारलं, त्यानं खुणेनंच गप्प राहायला सांगितलं.

संध्याकाळी मी ताट वाढून त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी दोन्ही टाक्या आपल्या घरच्या चेंबरमध्ये रिकाम्या केल्या होत्या, पाइप धुऊन गुंडाळून ठेवला होता, आणि बसच्या पायरीवर बसले होते. घरात दिवा लावलेला नव्हता. एवढ्या वर्षांत ते घर मी कधी रिकामं बघितलं नव्हतं. मला त्यांची काळजी वाटली. मी ताट ठेवलं आणि विचारलं, "काका, काकूंना आणायला कधी जायचं?"

"ठरलं नाय."

"काही बोलल्या नाहीत का त्या?"

"भावजयीशी बोलत बसली होती आत. मी म्हटलं, निघतो. तर म्हणाली, जाताना दार ओढून घ्या." ते पाइपची गुंडाळी सारखी करायला लागले. "मी नुसता दूध आणायला कोपऱ्यावर गेलो ना, तरी ती दहादा विचारते, कधी येणार, किती वेळ लागणार. तिला भीती वाटते. आज मी रोह्याला निघालो, आणि तिनं विचारलंच नाय. कधी येणार म्हणून विचारलंच नाय."

ते हसत होते, आणि हसता हसता शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते. मग त्यांनी ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागले.